भारी वजन आणि दुखापती: सांगली-साताऱ्यातल्या व्यायामशाळांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात तालीम आणि जिम बऱ्याचदा एकाच छपराखाली असतात. खाली लाल माती, वर रॅक आणि रॉड. पैलवान, पोलीस भरतीची पोरं, हौशी मंडळी आणि स्पर्धेचे लिफ्टर एकाच प्लेटा फिरवतात, पण प्रत्येकाची चूक वेगळी असते. खालची उत्तरं स्क्वॅट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंच (उताणं झोपून छातीवरून रॉड ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहणं) आणि स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर), क्लीन-जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करणाऱ्यांसाठी आहेत. बहुतेक उत्तरांचा रोख एकच दिसेल: वजन सुखरूप टाकता येत नसेल, तर ते उचलायला घेऊ नका.

भारी वजन म्हणजे नेमकं किती?

किलोच्या आकड्यावर ते ठरत नाही. तुमच्या एका रेपच्या, म्हणजे एकदाच उचलता येणाऱ्या, कमाल वजनाच्या साधारण 85 टक्क्यांच्या वर जे असेल ते तुमच्यासाठी भारी. कमाल वजन काढायला थेट मॅक्स मारायची गरज नाही. वजन × (1 + रेप ÷ 30) हे सूत्र पुरतं. 80 किलोचे पाच स्वच्छ रेप निघत असतील तर कमाल अंदाजे 93 किलो. दहाच्या वरच्या रेपना हे सूत्र लावू नका, आकडा फुगतो. पहिले सहा महिने मॅक्स तपासायचाच नाही, मग मित्र कितीही चढवोत.

वेटलिफ्टिंग खरंच एवढं धोक्याचं आहे का?

लोकांना वाटतं तेवढं नाही. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंगच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत सरावाच्या दर हजार तासांमागे साधारण 1 ते 4 दुखापती आढळतात. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. पण हा हिशोब प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकलेल्यांचा आहे. मोबाइलवर पाहून डेडलिफ्ट करणाऱ्याने त्यावर विसंबू नये. दुखतं ते मुख्यतः कंबर, खांदा आणि गुडघा, आणि यातलं बरंचसं एका झटक्यात होत नाही. आठवडेच्या आठवडे दुर्लक्षित राहिलेली कुरकुर शेवटी बोलते.

दर आठवड्याला किती वजन वाढवावं?

बेंच आणि डोक्यावर उचलायच्या व्यायामांत एका वेळी जास्तीत जास्त 2.5 किलो, स्क्वॅट-डेडलिफ्टला 5 किलो. तेही मागच्या वेळचे सगळे रेप नीट निघाले असतील तरच. तीन-चार महिन्यांनी हा वेगही झेपत नाही. एवढी छोटी वाढ करायला सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी स्वतःची विकत घ्या. बऱ्याच जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीचची असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून उडी एकदम 5 किलोची. 50 किलो बेंच मारणाऱ्यासाठी ती थेट दहा टक्क्यांची वाढ झाली.

घाई का नको, याचं कारण शरीरातच आहे. स्नायूंना काही आठवड्यांत ताकद येते. हाडाला जोडणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, मात्र महिन्यांच्या हिशोबाने जाड होतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगात रग येते आणि नेमकं तेव्हाच कोपर, गुडघ्याची वाटी आणि खांद्याचा पुढचा भाग दुखायला लागतो.

100 किलोच्या स्क्वॅटपर्यंत असं चढा: रिकाम्या रॉडवर 10 रेप दोनदा, 40 वर 5, 60 वर 5, 75 वर 3, 87.5 वर 1, मग 100. शेवटच्या दोन टप्प्यांत तीन-तीन मिनिटं थांबा. दंड-बैठका मारून घाम काढला म्हणजे वॉर्मअप झाला, असं बरेच जण धरून चालतात. अंग तापतं हे खरं, पण सांध्यांना त्या वजनाची ओळख होत नाही.

बेंच मारताना जोडीला कोणी नसेल तर?

शक्यतो रॅकच्या, म्हणजे रॉड ठेवायच्या उभ्या चौकटीच्या, आत बेंच ठेवा. दोन्ही बाजूंच्या आडव्या सेफ्टी पिना अशा लावा की छाती काढून झोपल्यावर रॉड छातीला टेकेल, आणि छाती सैल सोडली की रॉडचं वजन पिनांवर जाईल. म्हणजे पिना छातीच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर आणि गळ्याच्या वर. रिकाम्या रॉडवर हे आधी करून पाहा. एका भोकाच्या फरकाने पिना निरुपयोगी होतात.

रॅक नसेल आणि एकटेच असाल, तर प्लेटांना लॉक लावू नका. एरवी लॉक लावायचेच, हा एकच अपवाद. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेटा खाली सोडता येतात. लक्षात ठेवा, एक बाजू रिकामी झाली की दुसरी बाजू झपकन खाली जाते आणि रॉड उसळतो, त्यामुळे शेजारी कोणी उभं नको. वजन हलकं असेल तर रॉड छातीवरून पोटाकडे आणि तिथून मांड्यांवर लोटत उठून बसता येतं. भारी वजनाला हे करू नका, पोटाला इजा होते.

अंगठा रॉडखालून फिरवलेलाच हवा. पाचही बोटं एकाच बाजूला ठेवून मारायची फॅशन अधूनमधून येते. घामेजल्या हातातून असा निसटलेला रॉड छातीवर किंवा गळ्यावर पडतो आणि माणसं त्यात दगावली आहेत. या बाबतीत आम्ही कुणाशी वाद घालत नाही. अंगठा बाहेर दिसला की सेट (सलग रेपची फेरी) थांबवतो.

सपोर्ट कसा द्यायचा?

आधी तीन गोष्टी बोलून घ्या: किती रेप मारणार, स्टँडवरून रॉड काढून देऊ का, आणि हात कधी लावू. सपोर्ट देणाऱ्याने रॉडला हात लावायचा तो रॉड वर जायचा थांबून खाली यायला लागला की. त्याआधी बोटं लावून मदत केली तर मारणाऱ्याला आपली खरी ताकद कधीच कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो नसलेल्या ताकदीवर पाच किलो चढवतो.

बेंचला डोक्यामागे उभं राहायचं आणि एक हात सरळ, एक उलटा अशी पकड तयार ठेवायची. स्क्वॅटला सपोर्ट देणारे एकटेच असाल तर मागे उभे राहा, काखेखालून हात घालून छातीला आधार द्या आणि मारणाऱ्यासोबत खाली बसा. नुसती कंबर धरून काही होत नाही. 120-140 किलोच्या पुढे एका माणसाचा सपोर्ट हा देखावा आहे. दोन्ही टोकांना एकेक जण आणि खाली पिना हव्यात. दोघांनी एकाच वेळी हात घालायचा. एकाने आधी उचललं की रॉड तिरका होतो आणि पिळा पाठीच्या कण्याला बसतो.

स्नॅच आणि क्लीन-जर्कला सपोर्ट नसतोच. तिथे मदतीला पुढे आलेला माणूसच जखमी होतो.

प्लेटा काढताना रॉड उलटतो. कसं टाळायचं?

स्टँडच्या दोन खांबांमधलं अंतर जेवढं कमी, तेवढा रॉड लवकर उलटतो. चांगल्या रुंद रॅकवर एका बाजूला 20 किलो जास्त राहिले तरी काही होत नाही. पण वेल्डिंग करून घेतलेल्या अरुंद बेंचवर एक बाजू रिकामी आणि दुसऱ्या बाजूला 20 च्या दोन प्लेटा राहिल्या, तर 20 किलोचा रॉड उलटू शकतो. हलक्या रॉडला त्याहूनही कमी पुरतं. आळीपाळीने एकेक प्लेट काढा. सेट संपल्यावर बोलत बोलत एका बाजूच्या सगळ्या प्लेटा उतरवण्याची सवय सर्वांत वाईट.

स्नॅच किंवा जर्क बिघडला की काय करायचं?

सोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. रॉड पुढे जात असेल तर पुढे ढकला आणि स्वतः मागे उडी घ्या. स्नॅचमध्ये रॉड डोक्यामागे गेला तर हात सरळ ठेवून सोडा आणि पुढे पाऊल टाका. क्लीनला खाली बसताना कोपर वर ठेवा. कोपर गुडघ्यावर आपटला आणि वरून रॉडचा भार आला तर मनगटाचं हाड मोडतं.

सांगलीच्या संकेत सरगरचा बर्मिंगहॅमचा सामना इथल्या बऱ्याच लिफ्टरांनी पाहिलेला आहे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, 55 किलो गटात, त्याने स्नॅचला 113 आणि क्लीन-जर्कला पहिल्या प्रयत्नात 135 किलो उचलले. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलोला उजवा कोपर दुखावला. तरीही तो तिसऱ्यांदा मंचावर गेला, ते वजन झालं नाही, आणि 248 किलोवर रौप्य मिळालं. सुवर्ण 249 ला गेलं. हा किस्सा आपल्याकडे जिद्दीचा म्हणून सांगतात आणि आंतरराष्ट्रीय पदकापुढे तो निर्णय खेळाडूचा असतो. मंगळवारच्या सरावात मात्र दुखऱ्या कोपराने परत रॉडला हात लावण्याचं काही कारण नाही.

कोपर जातो कसा, हे समजून घ्या. डोक्यावर हात ताठ असताना भार सरळ हाडांवरून खाली उतरतो. रॉड दोन-चार बोटं मागे सरकला आणि पकड घट्टच राहिली, तर तोच भार कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीवर) तिरका येतो. रॉड सोडला की भार गेला. म्हणून टाकण्याचा सराव मुद्दाम करायचा: पहिल्या महिन्यात दर सत्रात रिकाम्या रॉडने, नंतर हलक्या वजनाने, पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे.

यासाठी रबरी बंपर प्लेटा लागतात. लोखंडी प्लेटा जमिनीवर टाकता येत नाहीत, म्हणून माणूस चुकलेलं वजनही झेलत बसतो. वजन टाकायची फळी घरच्या घरी होते: 18 मिलिमीटर प्लायवूडचे चार बाय आठ फुटांचे दोन तुकडे शेजारी, त्यावर आणखी दोन आडवे, आणि प्लेटा पडतात तिथे 20-25 मिलिमीटरचं रबर. पहिल्या मजल्यावर जिम असेल तर वजन टाकण्याआधी स्लॅबबद्दल इंजिनिअरला विचारा.

डेडलिफ्टला लहान प्लेटा लावल्या तर चालतं का?

रॉड खाली जातो, म्हणून नाही. प्रमाणित प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. 10 किलोच्या लहान लोखंडी प्लेटांनी तो पाच-सात सेंटिमीटर खाली उतरतो आणि कंबर वाकवल्याशिवाय हात पोचत नाही. प्लेटांखाली लाकडी फळ्या ठेवून उंची पुरी करा.

कुपवाडला किंवा गावात वेल्डिंग करून घेतलेला रॅक वापरावा का?

हरकत नाही, चांगले कारागीर आहेत. फक्त त्यांना भार कुठे येतो ते सांगावं लागतं. किमान 60 बाय 60 मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि 3 मिलिमीटर जाडी मागा. पिना भरीव सळईच्या हव्यात, पोकळ पाइपच्या नकोत. रॅक जमिनीला अँकर बोल्टने धरलेला हवा. रॉड ठेवायच्या हुकाला पुढे निदान चार-पाच सेंटिमीटर ओठ हवा, नाहीतर थकलेल्या माणसाचा रॉड ठेवताना घसरतो.

दर महिन्याला हुकाच्या वेल्डिंगवर टॉर्च मारा. रंगावर केसासारखी बारीक रेघ आणि त्यातून गंज झिरपलेला दिसला, तर ती भेग आहे. वरून रंग मारून घेऊ नका, तो रॅक बंद ठेवा.

रॉडची परीक्षा सोपी आहे. रिकामा रॉड स्टँडवर ठेवून हळू फिरवा आणि एका टोकाकडे बघा. टोक वर-खाली डोलत असेल तर रॉड वाकलेला आहे. साध्या लोखंडाचा टर्नरकडून करून घेतलेला रॉड शंभरच्या पुढे कायमचा वाक घेऊ शकतो. त्याचं खरं वजनही भुसाराच्या दुकानातल्या काट्यावर करून घ्या. प्रमाणित पुरुष रॉड 20 किलो आणि महिलांचा 15, पण स्थानिक रॉड कितीही भरतो, आणि प्लेटेवर कोरलेला आकडाही खरा असेलच असं नाही.

पुराच्या पाण्यात गेलेलं सामान परत वापरता येईल?

2019 च्या ऑगस्टमधल्या आणि 2021 च्या जुलैमधल्या पुरानंतर सांगलीत हा प्रश्न घरोघरचा झाला. सरसकट भंगारात टाकू नका, सरसकट वापरूही नका.

भरीव पिना आणि लोखंडी प्लेटा घासून, तेलाचा हात देऊन चालतात. बेंचच्या गादीखालचं प्लाय फुगलं असेल तर बदलाच, ते दिवसभर धरतं आणि भर सेटमध्ये फाटतं. पोकळ पाइपचा रॅक आतून कुजतो. बाहेर रंग शाबूत दिसतो. खालचा हातभर पाइप हातोडीने ठोकून बघा. वरच्या भागाचा आवाज खणखणीत आणि खालचा बद्द असेल, तर जाडी गेलेली असू शकते. पाइपच्या तळाला पाणी निघायला छोटं भोक पाडा.

ऑलिम्पिक रॉडच्या फिरत्या टोकांत गाळ बसतो. टोकाची चकती आणि क्लिप काढा, बाही (प्लेटा बसतात ती फिरती नळी) उतरवा, रॉकेलने धुवा, पितळी ब्रशने घासा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे थोडे थेंब द्या. बाही मोकळी फिरायलाच हवी. क्लीनमध्ये मनगटं उलटताना प्लेटा फिरल्या नाहीत तर तो पिळा मनगट-कोपरात उतरतो. रॉडच्या दांड्यावर नखाला लागतील असे गंजाचे खड्डे असतील, तर तो रॉड भारी वजनाला काढूच नका. भेग खड्ड्यातूनच सुरू होते.

श्वास रोखायचा का सोडायचा? आणि बेल्ट?

खाली जाण्याआधी पोटात श्वास भरा, पोट चारही बाजूंनी ताठ करा, अवघड टप्पा पार झाला की सोडा. त्याने कणा आतून धरला जातो. पण रक्तदाब फार चढतो. दोन्ही पायांच्या भारी लेग-प्रेसमध्ये धमनीतला दाब मोजला, तेव्हा तो सरासरी 320/250 पर्यंत गेलेला आढळला. निरोगी माणूस हे काही सेकंद सहन करतो. ज्यांचा बीपी आटोक्यात नाही, हर्निया आहे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय भारी वजनाला हात लावू नये. चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी आधी बीपी मोजून घ्यावा.

बेल्ट म्हणजे पोटाने ढकलायची भिंत. कंबरेला टेकू म्हणून तो काम करत नाही. 10 सेंटिमीटर रुंद, सगळीकडे सारखा, एक बोट आत जाईल एवढा घट्ट, आणि 80 टक्क्यांच्या पुढच्या सेटलाच. दिवसभर जिममध्ये बेल्ट बांधून फिरणाऱ्यांना त्याचा काही उपयोग होत नाही.

कंबरेत उसण भरली. आता?

तो सेट तिथेच सोडा. पहिले दोन दिवस वजन बंद, पण अंथरुणही धरू नका. सोसवेल तेवढं चाला. शेक बरा वाटत असेल तर शेका. कुणाला पाठीवर उभं करून कंबर मोडून घेणं किंवा हाडवैद्याकडून झटका देऊन घेणं टाळा, मणक्यातली गादी सरकलेली असेल तर त्याने भर पडते.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा: पाऊल वर उचलता न येणं, दोन्ही पायांत मुंग्या, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या आतल्या भागात आणि बैठकीच्या जागी बधिरपणा. शेवटची दोन लक्षणं तातडीच्या ऑपरेशनची असू शकतात, तिथे तासांचा हिशोब असतो. सांगलीकरांना मिरजेची रुग्णालयं जवळ आहेत, 108 ला फोन करा.

साधी उसण दोन ते सहा आठवड्यांत उतरते. परतताना जुन्या वजनाच्या निम्म्यावरून सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच दहा टक्के चढा.

डेडलिफ्टमध्ये दंडात 'टक्' आवाज आला. काय असेल?

एक हात सरळ, एक उलटा अशा पकडीत उलट्या हाताचा कोपर किंचित वाकलेला असेल, तर बायसेप्सची शीर कोपराजवळ तुटू शकते. आवाज, मग निळसर डाग, आणि दंडाचा गोळा वर सरकलेला. दोन-तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर ती शीर नीट जोडली जाते. मालिश करत महिना घालवला तर ते अवघड होऊन बसतं. हात दोरीसारखे सरळ ठेवा, किंवा अंगठा बोटांखाली दाबायची हुक पकड शिका.

बऱ्याच दिवसांनी तालमीत येऊन पाचशे बैठका मारल्या आणि लघवी काळपट झाली. गंभीर आहे का?

हो. सगळ्यांत कमी माहीत असलेला धोका हाच. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातलं द्रव्य रक्तात येऊन मूत्रपिंड बंद पाडू शकतं. मांड्या दगडासारख्या, सूज, आणि कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, एवढं दिसलं की लिंबू-पाण्यावर न भागवता त्याच दिवशी सीके (स्नायू किती फुटले ते कळायला) आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळायला) रक्ततपासणी करून घ्या. जत्रेच्या मैदानाआधी सुट्टीनंतर आलेले पैलवान आणि भरतीच्या तोंडावर उठलेली पोरं यात सापडतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात धोका दुप्पट समजा. पहिल्या दिवशी जुन्या आकड्याचा एक-तृतीयांश पुरे.

कितव्या वर्षी सुरू करावं? उंची खुंटते का?

उंची खुंटत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत युवा गट 13 वर्षांपासून असतो. नुकसान होतं ते देखरेखीविना मॅक्स मारल्याने, कारण वाढीच्या टोकांची हाडं तेव्हा कोवळी असतात. पहिलं वर्ष काठी, रिकामा रॉड आणि अंगाच्या वजनावर काढा.

बूट कोणते?

रनिंगचे नकोत, मऊ तळ भाराखाली एका बाजूला दबतो. डेडलिफ्टला सपाट तळाचे, स्नॅच-क्लीनला टाच सुमारे दोन सेंटिमीटर उंच असलेले लिफ्टिंग शूज. चपलेत रॉड उचलणाऱ्याला जिममालकाने सरळ परत पाठवावं.

पेनकिलर घेऊन सराव केला तर?

नको. दुखणं दबतं, फाटणं चालूच राहतं. शिवाय उन्हाळ्यात कमी पाणी, भारी सराव आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, या तिन्हींचा भार एकाच वेळी मूत्रपिंडावर पडतो. गोळीशिवाय ज्या दिवशी रिकामा रॉड न दुखता फिरेल, त्या दिवशी पहिली प्लेट चढवा.